रीतिवाचक क्रियापदे (इंग्रजी)

रीतिवाचक क्रियापदे म्हणजे क्रिया आणि ती घडण्याची रीत या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात सांगणारी क्रियापदे होत. इंग्रजीतील 'वॉक' हे क्रियापद केवळ चालणे दर्शविते. 'स्ट्रोल' (रमतगमत चालणे), 'ट्रज' (थकून पाय ओढत चालणे) व 'स्टॅगर' (झोकांड्या खात चालणे) ही क्रियापदे चालण्याची रीतही दर्शवितात. इंग्रजीत अशा क्रियापदांची संख्या मोठी असून दैनंदिन बोलण्यातही ती सहजपणे येतात.

भाषावैज्ञानिक अभ्यास

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ मधील लेखात गतिदर्शक वाक्यांची रचना भाषेगणिक कशी बदलते, हे मांडले. इंग्रजीत बहुधा क्रियापद रीत सांगते आणि दिशा त्यापुढील लहान शब्द सांगतो. स्पॅनिशसारख्या भाषांत मुख्य क्रियापद दिशा सांगते व रीत स्वतंत्र शब्दाने व्यक्त होते. रूथ बर्मन व डॅन स्लोबिन यांनी मर्सर मेयर यांच्या 'फ्रॉग, व्हेअर आर यू?' (१९६९) या शब्दविरहित चित्रपुस्तकावरून पाच भाषांतील मुलांना व प्रौढांना गोष्ट सांगावयास लावली. हा अभ्यास १९९४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बेथ लेव्हिन यांच्या १९९३ मधील ग्रंथात तीन हजारांहून अधिक इंग्रजी क्रियापदांचे वर्गीकरण आहे.

मराठीशी तुलना

'ही लिम्प्ट इन्टू द रूम' या वाक्याचा स्वाभाविक मराठी अनुवाद 'तो लंगडत खोलीत आला' असा होतो. येथे 'आला' हे मुख्य क्रियापद असून रीत 'लंगडत' या शब्दाने कळते. 'लंगडणे' हे क्रियापद मराठीत आहेच. परंतु 'तो खोलीत लंगडला' असे म्हटल्यास खोलीत प्रवेश केल्याचा अर्थ निघत नाही.

कुजबुजणे, पुटपुटणे, खिदळणे, ठेचकाळणे अशी रीतिवाचक क्रियापदे मराठीतही आहेत. तथापि रीत सांगण्याचे बरेचसे काम टकमक, खुदकन, लगबगीने, दुडुदुडु यांसारखी क्रियाविशेषणे करतात. त्यामुळे मराठी विद्यार्थी इंग्रजीतही 'वॉक' किंवा 'लुक' यांना क्रियाविशेषण जोडतो. असे वाक्य चुकीचे नसते, मात्र काही वेळा पसरट होते. बाळाच्या दुडुदुडु चालण्यासाठी 'टॉडल' हे एकच क्रियापद पुरते. 'टॉडलर' हा शब्द त्यावरूनच आला आहे.

अर्थच्छटा

पाहणे: 'ग्लान्स' (ओझरती नजर टाकणे), 'पीक' (हळूच डोकावणे), 'स्टेअर' (टक लावून पाहणे), 'ग्लेअर' (डोळे वटारणे).

बोलणे: 'व्हिस्पर' (कुजबुजणे), 'मम्बल' (तोंडातल्या तोंडात पुटपुटणे), 'स्टॅमर' (अडखळत बोलणे).

हसणे: 'गिगल' (खिदळणे), 'चकल' (मनाशीच हलके हसणे), 'स्मर्क' (कुत्सितपणे किंवा आत्मतुष्टीने हसणे).

यांतील अनेक क्रियापदांत व्यक्तीविषयीचा अभिप्रायही दडलेला असतो. एखाद्याकडे 'स्टेअर' करणे अनेकदा असभ्य मानले जाते. कौतुकाने एकटक पाहण्यास 'गेझ' अधिक योग्य ठरते. साक्षीदाराने उत्तर 'मम्बल' केले असे लिहिल्यास वाचकाच्या मनात त्याच्याविषयी शंका निर्माण होऊ शकते. 'सेड' या साध्या क्रियापदाने तसे होत नाही. म्हणून अर्ज, अहवाल व वृत्तलेखन यांत साधे क्रियापद पुष्कळदा अधिक न्याय्य असते.

वाक्यातील उपयोग

क्रियापद त्याच्या सोबतच्या शब्दासह लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते. 'शाउट टू' म्हणजे दूरच्या माणसाला ओरडून सांगणे, तर 'शाउट ॲट' म्हणजे एखाद्यावर ओरडणे. 'टेल मी' ही रचना शुद्ध आहे; परंतु मला कुजबुजून सांग, या अर्थी 'व्हिस्पर मी' चालत नाही, 'व्हिस्पर टू मी' म्हणावे लागते. क्रियापदातच रीत असल्याने 'व्हिस्पर' पुढे 'सॉफ्टली' जोडणे बहुधा अनावश्यक असते. 'शी ग्लान्स्ट ॲट द क्लॉक' (तिने घड्याळाकडे ओझरते पाहिले) अशा नेहमीच्या प्रसंगांवरील वाक्ये रचल्याने शब्द, त्याची छटा व त्याची रचना एकत्र आत्मसात होतात.

हे सुद्धा पहा

क्रियापद
क्रियाविशेषण
अनुकरणवाचक शब्द