जमेला चार, नावे बारा

इतिहास लिहायचा तो जिंकलेल्यांचा, अशी जगाची वहिवाट आहे. आपण मराठी माणसं त्याला थोडे अपवाद. आपलं पानिपतावर जितकं लिहून झालंय तितकं एखाद्या विजयावर झालं नसेल. पण पानिपत हा थोरामोठ्यांचा प्रांत. माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या बँक क्लार्कने आपल्या वकुबाचा पराभव निवडावा. म्हणून मी पुणे वॉरियर्सचं २०१२ साल निवडलं आहे.

आता भडगावचा पुण्याच्या क्रिकेटशी संबंध काय, असं कोणी विचारील. अहो, गिरणेकाठच्या आमच्या गावातलं पोरगं बारावी झालं की पुण्याला जातं. दर महिन्याच्या एक तारखेला आमच्या काउंटरवरून कापसाचा आणि केळीचा पैसा पुण्याकडे वाहू लागतो. परत येतो तो फक्त पोरगा, तोही दिवाळीत, मळके कपडे घेऊन. एवढी गुंतवणूक असल्यावर टीमही आपलीच म्हणायची!

२०१० मध्ये सहारा कंपनीने ही टीम ३७ कोटी डॉलरला, म्हणजे सुमारे १७०० कोटी रुपयांना घेतली. तोवर आयपीएलमध्ये एवढी किंमत कोणी मोजली नव्हती. आकडा ऐकून आमच्या हेडकॅशियरने नुसताच चष्मा पुसला. २०११ च्या पहिल्या वर्षी पुण्याची ही टीम घरचे सामने खेळली नव्या मुंबईत! चौदापैकी चार जिंकली आणि दहा संघांत नववी आली. नवीन खातं आहे, सुरुवातीला उलाढाल कमीच असते, अशी आम्ही समजूत काढली.

मग आलं २०१२. युवराजसिंग कॅन्सरवर उपचार घेत होता, त्यामुळे कप्तानी चाळिशीला टेकलेल्या सौरव गांगुलीकडे आली. गहुंजेला कोरं स्टेडियम तयार झालं. आणि ६ एप्रिलला आमच्या मंडळींनी वानखेडेवर जाऊन मुंबईलाच २८ धावांनी पाडलं! त्या रात्री पुण्याहून पोरांचे फोन आले, तेही स्वतःच्या खर्चाने. पाठोपाठ पंजाब पडलं, मग चेन्नई, २१ तारखेला दिल्ली. मध्ये तीन हरले, पण सातात चार म्हणजे फर्स्ट क्लासच्या थोडं खाली. पैकी बंगलोरच्या सामन्यात शेवटच्या षटकात समोरच्यांना २१ धावा हव्या होत्या. आमच्या शिपायाने टीव्ही बंद करून ताटं घ्यायला सांगितली. शेवटच्या चेंडूवर सौरभ तिवारीने षटकार मारला आणि त्याच्या घरची शेवभाजी तशीच राहिली.

दिल्लीनंतर मात्र जे सुरू झालं त्याला ओळीने नऊ पराभव म्हणतात. एकही सामना मध्ये जिंकायचा नाही, असा जणू नेम धरलेला. ३ मेला गहुंजेवर मुंबईने जेमतेम १२० केल्या. आमच्या ११९ झाल्या. एका धावेने गेलो! एक काय चीज आहे ते बँकवाल्याला विचारा. संध्याकाळी रोकड एका रुपयाने जुळली नाही तर अख्खी शाखा थांबते, टेबलाखाली बॅटरी मारते. इथे टेबलाखाली बघायचीही सोय नव्हती. दोन दिवसांनी कोलकात्यात गांगुली पाहुणा म्हणून स्वतःच्याच घरी खेळला. अर्धं ईडन गार्डन त्याच्या बाजूने ओरडत होतं, तरी सात धावा कमी पडल्या. एकूण सोळा सामने, जमेला चार, नावे बारा. नवांत नववा नंबर.

त्या दिवसांत एक आप्पा दर महिन्याला पैसे भरायला यायचे. मोठा मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षा देत होता. तिसरी खेप चालू होती. आप्पा स्लिप सरकवून विचारायचे, "भाऊ, आपला पुनावाला आज बी हारनात का?" मी हो म्हणायचो. "पुढे जिकतीन," म्हणून ते निघायचे. ही चौकशी नेमकी कोणाची, ते मी कधी विचारलं नाही. क्रिकेट त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं असेल असं वाटत नाही.

अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे, ज्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. तिथे क्लीव्हलँड ब्राउन्स २०१७ च्या मोसमात सोळाच्या सोळा सामने हरले. गावकऱ्यांनी काय करावं? जानेवारी २०१८ च्या कडाक्याच्या थंडीत स्टेडियमभोवती मिरवणूक काढली! शिवाय तिथला कायदा असा, की जो शेवटचा येईल त्याला पुढच्या वर्षीचा नवा खेळाडू निवडायचा पहिला मान. हरण्याचं असं रीतसर व्याज आपल्याकडे मिळत नाही.

आमच्याकडे २०१३ आलं. पुन्हा चार आणि बारा. त्यातल्या एका संध्याकाळी बंगलोरला ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ काढल्या; पुण्याच्या सगळ्यांनी मिळून १३३. पण टीम गेली ती गेलमुळे नव्हे, बँक गॅरंटीमुळे! बोली लावताना ९४ सामन्यांचा हिशोब होता, मिळाले ७४. म्हणून फी कमी करा, असं सहाराचं म्हणणं. बोर्ड ऐकेना. मे महिन्यात बोर्डाने गॅरंटी वटवली, सहाराने संघ मागे घेतला, ऑक्टोबरात करार रद्द. गॅरंटी म्हणजे काय, हे मी गावात वर्षानुवर्षं समजावून सांगत होतो, कोणी लक्ष देत नव्हतं. त्या आठवड्यात मात्र पानटपरीवर माझं व्याख्यान झालं, आणि चहाचे पैसे दुसऱ्याने दिले.

पुढे पुण्याला दुसरी टीम मिळाली, दोन वर्षांच्या बोलीवर. २१ मे २०१७ ला ती चक्क अंतिम सामन्यात पोचली. समोर मुंबई. मुंबईच्या १२९, पुण्याच्या १२८.

सोमवारी आप्पा आले. थोरला एव्हाना गावी येऊन शेती बघत होता. आता धाकटा पुण्यात होता.

"कितीनी?" त्यांनी विचारलं.

"एका रननी."

"बस, एकच?" म्हणाले, आणि स्लिप पुढे सरकवली. आकडा गेल्या महिन्यापेक्षा पाचशेने जास्त होता.