अर्धे उघडे दार : विट्स विद्यापीठातील कायद्याचा वर्ग

१/ १९४३ साली जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात चोवीस वर्षांच्या एका तरुणाने कायद्याच्या पदवीसाठी नाव नोंदवले. संपूर्ण कायदा विभागात तो एकमेव आफ्रिकी विद्यार्थी होता. सहा वर्षे धडपडूनही त्याला ती पदवी मिळाली नाही. त्याचे नाव नेल्सन मंडेला. हा धागा त्या सहा वर्षांविषयी आणि त्या वर्गाच्या पुढील इतिहासाविषयी आहे.

२/ प्रथम विद्यापीठाविषयी थोडे. १८८६ मध्ये विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेत सोने सापडले आणि जोहान्सबर्ग उभे राहिले. किंबर्ले येथे १८९६ साली सुरू झालेले खाणशास्त्राचे विद्यालय १९०४ मध्ये या शहरात आले आणि १९२२ साली त्याचे पूर्ण विद्यापीठ झाले. लोक त्याला ‘विट्स’ म्हणतात. खाणींसाठी जन्मलेली ही संस्था लवकरच आफ्रिकेतील अग्रगण्य संशोधन विद्यापीठांत गणली जाऊ लागली.

३/ तिची कीर्ती जगभर पोहोचवणारे एक संशोधन १९२५ सालचे. विट्समधील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांनी टाउंग येथे सापडलेल्या एका बालकवटीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मानवाच्या पूर्वजांचा माग आफ्रिकेत नेला. मानवाचे मूळ आफ्रिकेत शोधणाऱ्या याच विद्यापीठात, आफ्रिकी माणसाला कायदा शिकता येईल का, ही शंका अजून जिवंत होती.

४/ विट्स आणि केपटाउन ही त्या काळची ‘खुली’ विद्यापीठे. खुली म्हणजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनाही व्याख्यानांना बसण्याची मुभा असलेली. मात्र ही समता वर्गाच्या उंबरठ्यापाशी संपत असे. पोहण्याचा तलाव, क्रीडांगणे, नृत्याचे समारंभ गोऱ्यांसाठी राखीव होते. एका बाकावर बसून एकच न्यायनिवाडा वाचायचा आणि तास संपला की वेगळ्या वाटेने जायचे, असा तो रिवाज होता.

५/ कायद्याच्याच पदवीचा हट्ट कशासाठी? दक्षिण आफ्रिकेत वकिलीचे दोन वर्ग होते. अ‍ॅटर्नी पक्षकारांना भेटे, कागदपत्रे तयार करी, कनिष्ठ न्यायालयांत उभा राही. वरिष्ठ न्यायालयात युक्तिवाद करण्याचा मान अ‍ॅडव्होकेटचा. उमेदवारी करून आणि पात्रता परीक्षा देऊन अ‍ॅटर्नी होता येई. अ‍ॅडव्होकेट होण्याची वाट कायद्याच्या पदवीतून जात असे. मंडेलांना अ‍ॅडव्होकेट व्हायचे होते.

६/ अभ्यासाचा विषयही सोपा नव्हता. डच ईस्ट इंडिया कंपनीबरोबर केपमध्ये आलेला रोमन-डच कायदा आणि त्यावर चढलेले इंग्रजी कायद्याचे थर, असे त्याचे स्वरूप. त्याची मुळे लॅटिन ग्रंथांत होती. खेड्यात वाढलेल्या, मिशनच्या शाळांत शिकलेल्या झोसाभाषक विद्यार्थ्याला या परंपरेत शिरण्यासाठी इतरांहून कितीतरी लांबचा प्रवास करावा लागे.

७/ कायदा विभागातील प्राध्यापक एच. आर. हाहलो हे नामवंत विद्वान. मंडेलांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे की, कायद्याला लागणारी बौद्धिक शिस्त स्त्रियांना आणि आफ्रिकी लोकांना झेपत नाही, असे त्यांचे मत होते. मंडेलांनी विट्समध्ये न येता पत्रद्वारे शिकावे, असा त्यांचा सल्ला होता. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ सालीच संमत झाला होता, हे येथे लक्षात घ्यावे.

८/ मंडेला अर्धवेळ विद्यार्थी होते. दिवसा लझार सिडेल्स्की यांच्या वकिली कचेरीत उमेदवारी, त्यानंतर व्याख्याने, मग वस्तीकडे परतीचा प्रवास. ऑर्लंडो वेस्टमधील त्यांच्या घरात वीज नव्हती. रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास चाले. उमेदवारी संपल्यावर पगार थांबला, तेव्हा पूर्णवेळ शिकता यावे म्हणून त्यांनी एका कल्याणनिधीकडून १५० पौंडांचे कर्ज घेतले. त्यातच संसार आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या युवक संघटनेचे काम.

९/ मात्र या वर्गाची दुसरी बाजूही आहे. विट्समध्येच मंडेलांना भेटले जो स्लोवो, रूथ फर्स्ट आणि ग्रीसमधून निर्वासित म्हणून आलेले जॉर्ज बिझोस. अर्धवेळ अध्यापन करणारे ब्रॅम फिशर हे नामांकित आफ्रिकानर घराण्यातले. आजोबा ऑरेंज रिव्हर कॉलनीचे पंतप्रधान, वडील न्यायाधीश. इस्माईल मीर, जे. एन. सिंग, अहमद भूला हे भारतीय विद्यार्थीही याच मित्रमंडळातले.

१०/ एके दिवशी मंडेला या तीन भारतीय मित्रांसह ट्रामने निघाले. त्या ट्राममध्ये भारतीयांना बसता येई, आफ्रिकींना नाही. कंडक्टरने मंडेलांचा अपमानास्पद उल्लेख केला, वाद झाला, पोलीस आले, खटला उभा राहिला. बचावाला फिशर उभे राहिले. त्यांच्या घराण्याचे वलय न्यायदंडाधिकाऱ्यांना ठाऊक होते. सर्वांची निर्दोष सुटका झाली. कायद्याइतकेच वजन तो मांडणाऱ्या माणसाच्या आडनावालाही असते, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

११/ मार्केट स्ट्रीटवरील खोलवाड हाउसमध्ये मीर राहत. सुरतजवळच्या खोलवड गावाचे नाव धारण करणारी ही इमारत. रात्री उशीर झाला की मंडेला तेथेच मुक्काम करीत. अभ्यास आणि राजकीय चर्चा दोन्ही तेथे होत. १९४६ साली भारतीयांच्या जमिनीच्या हक्कांवर गदा आणणारा कायदा आला. मीर आणि सिंग यांनी शिक्षण थांबवून सत्याग्रहात उडी घेतली आणि तुरुंगवास पत्करला. मंडेलांवर त्याचा खोल ठसा उमटला.

१२/ १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली. १९५० या एकाच वर्षात लोकसंख्या नोंदणी कायदा, वस्तीविभाजनाचा ग्रुप एरियाज कायदा आणि साम्यवाद दडपशाही कायदा संमत झाले. वर्णद्वेषाची ही इमारत कायद्याच्याच विटांनी रचली जात होती: कलमे, व्याख्या, अनुसूची, राजपत्र. तिची रचना ओळखायची तर कायदा वाचता येणे आवश्यक होते.

१३/ मंडेला अंतिम परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झाले. डिसेंबर १९४९ मध्ये राहिलेल्या विषयांची पुन्हा परीक्षा देऊ द्यावी, अशी विनंती त्यांनी विभागाकडे केली. ती फेटाळण्यात आली. पदवीचा मार्ग येथे संपला आणि त्यांनी अ‍ॅटर्नीच्या पात्रता परीक्षेचा मार्ग धरला.

१४/ १९५२ मध्ये ते अ‍ॅटर्नी झाले आणि त्याच वर्षी ऑलिव्हर टाम्बो यांच्या भागीदारीत चॅन्सलर हाउसमध्ये कचेरी उघडली. आफ्रिकी वकिलांची देशातील ती तेव्हाची एकमेव फर्म. सकाळी जिन्यापर्यंत लोकांची रांग लागे: कोणाकडे पास नाही, कोणी गोऱ्यांच्या दारातून आत गेला, कोणाला राहत्या घरातून हुसकावले गेले.

१५/ १९५४ मध्ये ट्रान्सवालच्या विधी संस्थेने मंडेलांचे नाव वकिलांच्या यादीतून काढावे, असा अर्ज केला. कारण, असहकार मोहिमेतील त्यांची शिक्षा. न्या. रॅम्सबॉटम यांनी तो फेटाळला. राजकीय कारणासाठी कायदा मोडण्यात वकिलाच्या सचोटीला बट्टा लावणारे काही नाही, असा निर्णयाचा आशय. खर्चही विधी संस्थेवर बसवला. अन्यायी व्यवस्थेतही एक न्यायाधीश कायद्याचा वेगळा अर्थ लावू शकत होता.

१६/ १९५९ साली अर्धे उघडे दारही लोटले गेले. कायद्याचे नाव होते ‘विद्यापीठ शिक्षण विस्तार कायदा’. प्रत्यक्षात त्याने खुल्या विद्यापीठांत शिकण्यासाठी कृष्णवर्णीयांना मंत्र्याची परवानगी सक्तीची केली आणि वंशनिहाय महाविद्यालये काढली. विट्सने जाहीर निषेध नोंदवला, वर्णभेद न मानण्याच्या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. कायदा मात्र लागू झालाच.

१७/ १९६३-६४ च्या रिव्होनिया खटल्यात मंडेला आणि सहकाऱ्यांवर फाशीचे सावट होते. बचावाचे नेतृत्व फिशर यांनी केले; सोबत विट्सचेच बिझोस आणि आर्थर चास्कलसन. १२ जून १९६४ रोजी फाशी टळून जन्मठेप झाली. १९६५ मध्ये फिशर यांची सनद रद्द झाली, पुढच्या वर्षी त्यांनाही जन्मठेप झाली आणि १९७५ मध्ये कैदी असतानाच त्यांचे निधन झाले. २००३ साली त्यांचे नाव वकिलांच्या यादीत मरणोत्तर परत घेण्यात आले.

१८/ मंडेलांचा अभ्यास तुरुंगातही सुटला नाही. काही काळ लंडन विद्यापीठाचा बहिःस्थ अभ्यासक्रम, मग दक्षिण आफ्रिका विद्यापीठाचा पत्रद्वारा अभ्यासक्रम. अखेर १९८९ साली, सत्तरी गाठल्यावर, कैदेत असतानाच कायद्याची पदवी मिळाली. विट्समधील प्रवेशाला तेव्हा ४६ वर्षे झाली होती.

१९/ विट्समध्येही बदल घडत होता. १९७८ मध्ये जॉन ड्युगार्ड यांनी तेथे उपयोजित विधी अभ्यास केंद्र स्थापन केले. वर्णद्वेषी कायद्यांची चिकित्सा करणारे संशोधन आणि न्यायालयीन लढा एका छताखाली आले. १९९५ साली मंडेलांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून संविधान न्यायालयाचे उद्घाटन केले. त्याचे पहिले अध्यक्ष चास्कलसन. पहिल्याच वर्षी ११ न्यायाधीशांनी एकमताने मृत्युदंड घटनाबाह्य ठरवला. ज्या शिक्षेपासून त्यांनी आपला पक्षकार वाचवला होता, ती शिक्षाच उरली नाही.

२०/ मग विट्सचे ऋण मानावे की नाही? विद्यापीठ मंडेलांचे नाव अभिमानाने सांगते, तेव्हा डिसेंबर १९४९ चा नकारही त्यासोबत वाचला पाहिजे. त्याचबरोबर हेही खरे की, त्या देशात गोरा, भारतीय आणि आफ्रिकी विद्यार्थी एका बाकावर बसून कायदा वाचतील अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सत्तेला त्या जागेची धास्ती वाटली, म्हणूनच १९५९ चा कायदा करावा लागला.

२१/ विभागाने मंडेलांना पदवी दिली नाही. त्या वर्गाने मात्र त्यांना फिशर, बिझोस, मीर आणि सिंग दिले. विद्यापीठांचा इतिहास लिहिताना आपण पदवीधरांच्या याद्या पाहतो. कोणाला प्रवेश नाकारला, कोणाला अनुत्तीर्ण ठरवले आणि कोण कोणाच्या शेजारी बसले, याच्या नोंदीही तितक्याच काळजीने वाचल्या पाहिजेत.

(धागा समाप्त)