मावळचे परदेशी पाहुणे

मुंबईहून निघालेली आगगाडी बोरघाट चढून खंडाळ्यास आली, म्हणजे मावळ लागला. पुढे लोणावळे आणि त्यापुढे इंद्रायणीचे खोरे. नदीच्या उत्तरेस कार्ल्याचा डोंगर, दक्षिणेस लोहगड व विसापूर, विसापूरच्या पायथ्याशी भाजे आणि त्याच बाजूस आणखी पूर्वेकडे बेडसे. लेण्यांची आवली ती लेणावली आणि तिचेच पुढे लोणावळे झाले, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगण्यात येते. ती खरी असो वा नसो, या भूमीला शोभते खरी.

या खोऱ्यात लोक दोन हेतूंनी येत आले आहेत. कार्ल्याच्या लेण्यापुढेच एकवीरेचे देऊळ आहे. समुद्रकाठचे कोळी व इतर अनेक कुळे चैत्रात तिच्या दर्शनास डोंगर चढतात. त्यांच्या दृष्टीने ती यात्रा होय. दुसरे येणारे केवळ पाहण्यासाठी येतात, आणि त्यांच्या येण्यास सहल म्हणतात. परदेशातून या देशी येऊन राहिलेले, येथे शाळा चालविणारे, विद्या शिकविणारे कित्येक लोक गेल्या शतकांत असेच पाहावयास आले. त्यांनी येथे काय पाहिले, आणि पाहता पाहता त्यांस काय उमगले, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

अशा प्रवाशांत मारिया ग्रॅहम हिचे नाव आरंभी घ्यावे लागते. १८०९ साली ती वडिलांबरोबर मुंबईस आली. त्याच वर्षी आरमारातील अधिकारी थॉमस ग्रॅहम यांच्याशी तिचा विवाह झाला, आणि वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या प्रवासात तिने कार्ल्याचे लेणे पाहिले. तिचा हात चित्रकलेत चांगला होता. १८१२ साली तिचे हिंदुस्थानातील वास्तव्याचे वृत्त छापून निघाले, त्यात कार्ल्याचे चित्रही आहे. ही बाई पुढे शिक्षिका झाली. १८२४ साली दक्षिण अमेरिकेत ब्राझीलच्या राजकन्येस शिकविण्याचे काम तिने काही काळ केले, आणि १८३५ साली मुलांकरिता तिने लिहिलेला इंग्लंडचा इतिहास तेथील घरोघर पोहोचला. परंतु १८०९ साली कार्ल्याच्या खांबांपुढे ती उभी राहिली, तेव्हा त्यांवर कोरलेली अक्षरे तिच्या लेखी नक्षीहून अधिक काही असणे शक्यच नव्हते. त्या काळी ती प्राचीन लिपी वाचू शकणारा मनुष्य हयात नव्हता.

तेव्हाचा प्रवासही सुखाचा नव्हता. मुंबईहून खाडी ओलांडून पनवेलीस उतरावे, आणि तेथून पालखीत अथवा घोड्यावर घाट चढावा, असा क्रम होता. चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा बोरघाटाचा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८३० साली खुला झाला. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, तरी घाटाचा टप्पा अद्याप आगगाडीवाचूनच ओलांडावा लागे. तो लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढणाऱ्या या कामाचा मक्ता सॉलोमन ट्रेडवेल यांनी १८५९ साली घेतला होता. येथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत ते वारले, आणि त्यांची विधवा पत्नी ॲलिस हिने मक्ता सोडून न देता दोन इंजिनियरांच्या साहाय्याने तो तडीस नेला. घाटात खपणाऱ्या मजुरांची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली होती. त्यांतील हजारो पटकीसारख्या रोगांनी व अपघातांनी दगावले. पुढच्या प्रवाशांच्या सहली सुखाच्या झाल्या त्या या मजुरांच्या जिवावर, आणि त्यांची नावे मात्र कोणत्याही खडकावर कोरलेली नाहीत.

शिक्षक म्हणून परदेशातून आलेल्या दांपत्यांत जॉन विल्सन व मार्गारेट विल्सन यांचे स्थान मोठे आहे. हे स्कॉच दांपत्य १८२९ साली मुंबईस उतरले. प्रथम दोघांनी कोकणात राहून मराठीचा अभ्यास केला. मुंबईस परतल्यावर मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. मुलीने अक्षर गिरविणे हेच तेव्हा अनेक घरांत अशुभ मानले जाई, हे लक्षात घेता त्या कामाची किंमत कळते. अवघ्या सहा वर्षांनी, १८३५ साली, त्या मुंबईतच निवर्तल्या. विल्सन यांनी १८३२ साली काढलेली शाळा पुढे विल्सन कॉलेज झाली.

विल्सन हे धर्मोपदेशक होते. येथील पंडितांशी त्यांनी जाहीर वाद केले, आणि त्यांची धर्मविषयक मते येथील बहुतेकांस रुचणारी नव्हती. तथापि ज्या धर्माशी आपले पटत नाही त्याचीही वास्तू बारकाईने पाहावी, मोजावी, तिचे लेख उतरून घ्यावेत, इतका विद्येचा प्रामाणिकपणा त्यांच्या ठायी होता. पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांविषयीचा त्यांचा निबंध १८५० साली प्रसिद्ध झाला, आणि ही लेणी मोडतोडीपासून वाचवावी व त्यांची रीतसर नोंद व्हावी या खटपटीत त्यांचा पुढाकार होता.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडून आली होती. १८३७ साली कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांनी अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडली. मग सह्याद्रीतील मुके दगड बोलू लागले. सामवेदाचे भाषांतर करणारे व मराठीचे व्याकरण लिहिणारे डॉ. जॉन स्टीव्हन्सन यांनी १८५० नंतरच्या दशकात कार्ल्याच्या लेखांचे वाचन केले. त्यानंतर आले जेम्स बर्जेस. हे मूळचे गणिताचे शिक्षक. १८५५ साली कलकत्त्यास अध्यापक म्हणून आले, आणि १८६१ साली मुंबईस सर जमशेटजी जीजीभाईंच्या पारशी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. शाळा सांभाळून त्यांनी लेणी व देवळे हिंडून पाहिली, आणि पुढे पुराणवस्तू खात्याचे ते मुख्य झाले. १८८१ साली लेण्यांतील शिलालेखांचा जो संग्रह प्रसिद्ध झाला, त्यावर बर्जेस यांच्या नावाशेजारी पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव आहे. हे विसरता कामा नये. परक्यांनी पाहिले व एतद्देशीयांनी केवळ वाट दाखविली, असे घडलेले नाही. अक्षर लावण्याच्या कामी येथील पंडित त्यांच्या बरोबरीने बसले होते.

आता अक्षरे लागल्यावर काय निघाले ते पाहावे. कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद आहे. त्याच्या छताखालच्या लाकडी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षे टिकून आहेत. एवढे अवाढव्य काम कोणा सम्राटाचे असावे, असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. परंतु लेख सांगतात ते निराळेच. हे शैलगृह पुरे करविले ते वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने. जंबुद्वीपात हे उत्तम आहे, असेही त्याने अभिमानाने कोरून ठेविले आहे. दारासमोरचा सिंहस्तंभ एका महारठीने दिला. एक दार सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गांधिकाचे, तर दाराचे काम करणाऱ्या सुताराने आपले व आपल्या बापाचे नाव सांगितले आहे. सोपाऱ्याच्या एका धर्मपाठक भिक्षूनेही खांब दिला. म्हणजे हे देवालय वर्गणीचे होय.

आणि या वर्गणीदारांत परदेशी पाहुणेही आहेत! धेनुकाकट या गावचे अनेक यवन, म्हणजे ग्रीक अथवा पश्चिमेकडून आलेले लोक, एकेक खांब देऊन गेले आहेत. धेनुकाकट नेमके कोठे, याविषयी पंडितांत मतभेद आहे. दामोदर कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या परिसरातील देवघर गावी असावे असे मांडले. या यवनांची नावे पाहावी: सिंहध्वज, धर्म, यशोवर्धन. परमुलखातून येऊन येथे राहिलेल्या या माणसांनी येथलीच नावे धारण केली, येथील भाषेत आपले दान कोरविले, आणि सुताराच्या व गांधिकाच्या पंक्तीस ते बसले.

याच लेण्यात उषवदात याचा लेख आहे. हा शकांपैकी, क्षहरात राजा नहपान याचा जावई. शक हेही मूळचे बाहेरचेच. उषवदाताने प्रभास, भडोच, सोपारा, पुष्कर अशा दूरदूरच्या स्थळी दाने दिली, आणि नाशिकच्या लेण्यांत त्याच्या बरोबर त्याची पत्नी दक्षमित्रा हिचेही दान नोंदलेले आहे. परकी कुळी असलेले हे दांपत्य देशभर हिंडले ते देण्यासाठी. कार्ल्याच्या लेण्यांस तेव्हा वलूरक म्हणत. तेथे वर्षावासास राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्षूंच्या निर्वाहाकरिता उषवदाताने करजिक हे गाव दिले. ते मावळातील करंजगाव असावे असे विद्वान मानतात. नहपानाचा पाडाव झाल्यावर सातवाहनांनी तेच गाव भिक्षूंकडे पुन्हा कायम केले. राज्य बदलले, तरी पावसाळ्यात येणाऱ्या पाहुण्याचा घास बदलला नाही. या लेखांतील ‘मामाल’ आहार म्हणजेच आजचा मावळ. ज्या नावाने मावळ्यांची ख्याती झाली, ते शिवकालाच्याही दीड हजार वर्षे आधीचे आहे, ही गोष्ट अक्षरे वाचल्यावाचून कळणारी नव्हती.

कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेली स्त्रीपुरुषांची युगुले आहेत. ती दात्यांची आहेत की केवळ मंगलसूचक, हे ठामपणे सांगता येत नाही. पुढे काही शतकांनी त्यांच्यामध्ये बुद्धमूर्ती कोरण्यात आल्या, तरी ही युगुले आपल्या जागी हसतमुख उभीच आहेत. बेडशाच्या खांबांवरही हत्तीघोड्यांवर बसलेली अशीच युगुले दिसतात. तेथे तर एका खऱ्या दांपत्याची नोंदही आहे. महाभोजाची कन्या, आपदेवणक याची पत्नी, महारठिनी सामडिनिका हिने तेथे दान दिले. दान तिचे आहे आणि नाव तिचेच आधी आहे.

मार्गारेट विल्सन यांनी ज्या काळी मुलींच्या शाळांसाठी दारोदार समजूत घातली, त्या काळी या मुलखात स्त्रीचे नाव कागदावर येणेही दुर्मिळ होते. त्याच मुलखातील डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीच्या गृहिणीचे नाव खडकात कोरलेले होते, पण ते वाचणारे कोणी नव्हते. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी ती लिपी उलगडली. शाळेत पाटीवर अक्षर काढणारी मुलगी आणि बेडशाचा तो लेख, यांच्यामधली वाट अखेर एकच आहे, आणि ती अक्षराची आहे.

आज मावळात पाहुण्यांना तोटा नाही. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे जणू लोणावळ्यास लोटतात. धबधबा पाहतात, चिक्कीचे पुडे घेतात, आणि सायंकाळी परततात. त्यात गैर काहीच नाही. शिणलेल्या जिवास विसावा हवाच. मात्र लेण्याच्या भिंतीवर खिळ्याने आपले नाव ओरखडून जाणारे पाहुणे आढळतात, तेव्हा सिंहध्वज यवनाची आठवण होते. नाव त्यानेही कोरविले, पण आधी खांब दिला आणि मग नाव लिहिले.

बेडशाच्या चैत्याजवळ एक लहानसा स्तूप आहे. त्याकडे सहसा कोणी वळत नाही. अरण्यात राहून भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या गोभूति नावाच्या स्थविराचा तो स्तूप. त्याच्या शिष्याने, असाळमित्राने, तो करविला, एवढेच त्यावरील लेख सांगतो. गोभूतीने काय शिकविले हे त्यात नाही. त्याचा एकही शब्द उरलेला नाही. परंतु गुरू गेल्यावर शिष्याला त्याचे नाव दगडात ठेवावेसे वाटले, आणि ते आजही वाचता येते. मुलांना घेऊन मावळात जाणाऱ्या आईबापांनी कार्ल्याहून परतताना वाट थोडी वाकडी करून बेडशासही जावे, आणि मुलांना ती ओळ दाखवावी.