वूड बंधूंच्या पिटमध्ये

1950 साल. व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट गावाजवळच्या डोंगरात तुम्ही एका बीचच्या झाडाखाली उभे आहात. जाड फांदीवरून साखळी टाकलेली आहे आणि तिच्या टोकाला जुन्या फोर्डचं इंजिन लोंबकळतंय. साखळी धरलेला पंचविशीचा तरुण म्हणजे ग्लेन वूड. दिवसा तो लाकूड कापायच्या गिरणीत राबतो, संध्याकाळी इथं. गॅरेज नाही, छप्पर नाही. भाऊ मात्र आहेत: क्ले, डेलानो, रे ली आणि शाळकरी वयाचा लेनर्ड. लेनर्डनं हात पुढे केला की पाना त्याच्या हातात द्या. या पोराकडे लक्ष ठेवा.

पहिल्याच शर्यतीत दुसरी गाडी येऊन धडकते, आणि मोडकी गाडी ओढून घरी नेताना वाटेतच पेट घेते. तिथंच नाद सोडला असता तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी नवी गाडी उभी केली.

पुढची काही वर्षं भराभर ओलांडू. ग्लेन स्वतः गाडी चालवतोय: कधी मॉडिफाइड गाड्यांच्या शर्यती, कधी उघड्या टपाच्या गाड्यांची मालिका, तर कधी नॅस्कार या अमेरिकी शर्यत-संघटनेची सर्वांत वरची ग्रँड नॅशनल. या वरच्या मालिकेतले त्याचे चारही विजय विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमवरचे. फुटबॉलच्या मैदानाला वळसा घालणारा पाव मैलाचा तो ट्रॅक, आणि कठड्याला टेकून उभे असलेले तुम्ही.

आता ट्रॅककडे पाठ करा आणि पिटकडे, म्हणजे टायर-इंधनासाठी गाड्या थांबतात त्या जागेकडे, बघा. या काळात पिटमध्ये आलेली गाडी निवांत उभी राहते. टायर बदलणाऱ्यांनाही फार घाई नसते. वूड भावांना इथंच वाट सापडते. ट्रॅकवर एक सेकंद वाचवायला महागडं इंजिन लागतं, चालकाला जीव धोक्यात घालावा लागतो. तोच सेकंद इथं सरावानं मिळतो. लेनर्ड जॅकवर काम करतो, म्हणजे कमी हिसक्यांत गाडी उचलली जावी. कुणी कुठून धावायचं, कोणता नट आधी सोडायचा, हे ठरतं आणि पुन्हा पुन्हा घोटलं जातं. माझ्या मते या घराण्याची खरी थोरवी या घोटण्यात आहे.

फेब्रुवारी 1963, डेटोना. वूडांचा चालक मार्विन पँच सरावात जळत्या मासेरातीत अडकतो. त्याला बाहेर काढणाऱ्यांत टायनी लंड नावाचा धिप्पाड गडी आहे, ज्याच्याकडे शर्यतीसाठी गाडीच नाही. पँच रुग्णालयातून सांगतो, माझी गाडी टायनीला द्या. भाऊ देतात. आणि लंड इतरांपेक्षा एक थांबा कमी घेऊन, सुरुवातीच्याच टायरांवर, डेटोना 500 जिंकतो.

आता श्वास घ्या, कारण पुढचा मुक्काम मोठा आहे.

31 मे 1965, सोमवार. इंडियानापोलिस. नॅस्कारच्या जड, टप असलेल्या गाड्या इथं नाहीत. तुमच्यासमोर सिगारसारखी निमुळती, हिरवी, पिवळ्या पट्ट्याची लोटस आहे, क्रमांक 82. इंजिन चालकाच्या मागे. चालक जिम क्लार्क, स्कॉटलंडमध्ये मेंढ्या पाळणारा शेतकरी, मोनॅकोची शर्यत सोडून इथं आलेला. इंजिन फोर्डचं, म्हणून फोर्डनंच या डोंगरातल्या भावांना बोलावलंय. लोटसच्या कॉलिन चॅपमनचे इंग्रज मेकॅनिक या पाहुण्यांना आपलंसं करून घेतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तिथं रुसवेफुगवे झाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गेल्या वर्षी याच ट्रॅकवर दुसऱ्याच फेरीत आग भडकली आणि एडी सॅक्स व डेव्ह मॅकडोनल्ड हे चालक गेले. म्हणून यंदा नियम कडक आहेत: दाबानं इंधन भरायचं नाही, पिटमधल्या टाकीतून ते आपल्या वजनानंच उतरायला हवं, आणि किमान दोन थांबे सक्तीचे. म्हणजे शर्यतीचा निकाल नळीतून मिथेनॉल किती वेगानं वाहतं यावरही ठरणार. लेनर्डनं नेमकं तेच धरलंय. जोडांच्या खडबडीत कडा घासून गुळगुळीत केल्यात; द्रवाला अडवणारी बारीकशी धारही शिल्लक ठेवलेली नाही.

शर्यत सुरू होऊन साठेक फेऱ्या झाल्यात. हिरवी गाडी पिटमध्ये वळते. तुम्ही भिंतीला घट्ट धरता. गाडी थांबते, नळी बसते, मिथेनॉलचा उग्र वास नाकात शिरतो. क्लार्क जागेवरून हलतही नाही. तुम्ही मनात आकडे मोजताय आणि वीसपर्यंत पोचता न पोचता गाडी निघूनही गेलीय. समालोचकांचा विश्वास बसत नाही. एवढ्यात टाकी भरणं शक्यच नाही, हा पुन्हा येणार, असं त्यांना वाटतं. तो येत नाही. ठरलेली वेळ झाल्यावरच येतो, आणि दोन्ही थांबे मिळून पाऊण मिनिटाच्या आत उरकतात.

200 पैकी 190 फेऱ्या क्लार्क सर्वांच्या पुढे. सरासरी ताशी 150.686 मैल, इथं दीडशेच्या वर सरासरी राखून जिंकणारा तो पहिला. मागे इंजिन असलेल्या गाडीचा इथला पहिला विजयही हाच. उरलेल्या 10 फेऱ्या पुढे राहिलेला ए. जे. फॉइट नीट पाहून ठेवा. 1972 मध्ये तोच वूडांच्या गाडीतून डेटोना 500 जिंकेल.

15 फेब्रुवारी 1976 ला पुन्हा डेटोनात उतरा, फक्त शेवटच्या वळणापुरते. वूडांचा चालक डेव्हिड पिअर्सन आणि प्रतिस्पर्धी रिचर्ड पेटी एकमेकांवर आदळून भिंतीला घासतात, गवतात गरगरतात. पिअर्सननं त्या गोंधळातही क्लच दाबून इंजिन चालू ठेवलंय. ग्लेनचा मुलगा एडी त्याच्याशी रेडिओवर बोलतोय. पेटीचं इंजिन बंद पडलंय, आणि वूडांची चेंगरलेली 21 क्रमांकाची गाडी बैलगाडीच्या चालीनं रेषा ओलांडून जिंकते.

मधल्या काळात ट्रकांच्या मालिकेतही हे नाव येऊन गेलं, कारखाना नॉर्थ कॅरोलिनात गेला, विजयांच्या दुष्काळाची लांबलचक वर्षंही आली. 2019 च्या जानेवारीत ग्लेन गेले. एडी, लेन, किम ही त्यांची मुलं आणि नातू जॉन संघ चालवत राहिले.

24 ऑगस्ट 2024 च्या रात्री डेटोनाच्या शेवटच्या फेरीत वूडांच्या गाडीतला हॅरिसन बर्टन काइल बुशला मागे टाकतो. त्याला पुढच्या मोसमात ही गाडी मिळणार नाही, हे आधीच ठरलेलं आहे. समालोचन करायला बसलेले जेफ बर्टन त्याचे वडील. घराण्याचा हा 100 वा विजय, 2017 नंतरचा पहिला. लेनर्ड आता नव्वदीला टेकलेत. पुढच्या मार्चमध्ये बर्टनच्या जागी आलेल्या जोश बेरीनं लास वेगासला 101 वा आणला.