फाटलेल्या आवाजाची गोष्ट

आज गोष्ट एका बिघाडाची.

नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ रेकॉर्ड होताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेसचा आवाज चक्क फाटला. सोलो तसाच ठेवला. १९६१मध्ये गाणं हिट! इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने मग तसाच आवाज काढणारं सर्किट बनवलं. १९६२मध्ये गिब्सनने ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ पेडल म्हणून विकायला आणलं. म्हणे, गिटार ट्रम्पेटसारखी वाजेल! गिटारिस्टांना काही ते पटलं नाही. पेडल पडून राहिलं.

१९६५मध्ये कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वापरलं, तेही कच्चं म्हणून, तिथे त्याला ब्रास हवा होता. रिलीज मात्र तेच झालं, आणि पेडल धडाधड खपलं.

मी रोज बग काढतो. तो सोलो माझ्या हाती असता, तर आधी तोच कापला असता.