किंग स्ट्रीटवर आधी कोण?

टोरांटोच्या ऐन मध्यात किंग स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. येऊन-जाऊन चार लेन, आणि मधल्या दोनांत ट्रामचे रूळ. (तिकडे ट्रामला स्ट्रीटकार म्हणतात.) 2017 पर्यंत इथून रोज सुमारे 20,000 गाड्या जायच्या, आणि ट्राममधून 72,000 माणसं. तरी अडकायची ती ट्रामच! समोरच्या एका गाडीला डावीकडे वळायचं असलं की मागे अख्खी ट्राम खोळंबली. बिचारीला रूळ सोडून बाजूने जाता येत नाही ना.

मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. टोरांटोतल्याही बंद व्हायच्या होत्या, पण नागरिकांनी आरडाओरडा केला आणि 1972 मध्ये त्या वाचल्या. वाचल्या खऱ्या, पण रस्ता काही त्यांना मिळाला नाही. नव्वदच्या दशकात गर्दीच्या वेळी मधली लेन ट्रामसाठी राखीव असल्याच्या पाट्या लागल्या. पाट्याच त्या, कोण वाचतो! 2007 मध्ये गाड्या हटवायचा प्रस्ताव आला, तोही दुकानदारांच्या विरोधात विरून गेला.

मग 12 नोव्हेंबर 2017 ला महापालिकेनं एक युक्ती केली. कायमचं काही नाही, फक्त एक वर्षाचा प्रयोग. आमच्या भाषेत बीटा रिलीज :) बॅथर्स्ट ते जार्व्हिस, सुमारे अडीच किलोमीटर. गाड्यांना पूर्ण बंदी नव्हतीच. आत या, पण पुढच्या मोठ्या चौकात उजवीकडे वळून बाहेर पडा. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे आपल्याकडचं डावं वळण समजा, कुणाला न अडवता घेता येतं. ही वळणारी गाडी ट्रामच्या प्रवाशांना आडवी येऊ नये म्हणून थांबे चौकाच्या पलीकडे नेले. रस्त्यावरचं पार्किंग, 180 जागा, काढून टाकलं.

रेस्टॉरंटवाले भडकले. गिऱ्हाईक येईनासं झालं म्हणे. जानेवारी 2018 मध्ये एकानं दारात चक्क मधलं बोट दाखवणारा बर्फाचा पुतळा उभा केला! त्याची भीती मला खोटी वाटत नाही. भाडं त्याला दर महिन्याला भरायचं होतं, प्रयोगाचा निकाल वर्षभरानं येणार होता. पण शहरानं कार्डांवरचे व्यवहार तपासले तेव्हा रस्त्यावरची एकूण उलाढाल किंचित का होईना, वाढलेलीच दिसली. एकूण, बरं का. त्यात एखादं दुकान बुडालं असेल तर आकड्यात दिसत नाही.

ट्रामचे प्रवासी मात्र 84,000 वर गेले. गंमत म्हणजे सरासरी वेळ फार वाचला नव्हता. संध्याकाळी सगळ्यात रखडणाऱ्या फेऱ्या सुमारे पाच मिनिटांनी सुधारल्या, एवढंच. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे लगेच पटेल. लोक सरासरीला कंटाळत नाहीत, भरवसा नसण्याला कंटाळतात. एप्रिल 2019 मध्ये प्रयोग कायम झाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढे पोलिसांचं लक्ष उडालं आणि गाड्या पुन्हा सरळ जाऊ लागल्या. त्यात मे 2023 मध्ये मेट्रोच्या कामासाठी शेजारच्या क्वीन स्ट्रीटचा एक तुकडा बंद झाला. ट्राम चालण्यापेक्षा हळू झाली, नव्वदच्या दशकातल्या पाट्यांचीच गत. वर्षअखेरीस चौकाचौकांत वाहतूक नियंत्रक उभे केले, तेव्हा कुठे ती पुन्हा हलली.