ब्रूअर्स यीस्ट : बिअरच्या पिंपातील गाळाचे औषधी मोल

केस गळणे, चेहऱ्यावरील तारुण्यपीटिका, ठिसूळ नखे, भूक मंदावणे आणि सततचा थकवा अशा अनेक तक्रारींवर 'ब्रूअर्स यीस्ट'ची पूड व गोळ्या पूर्वापार वापरल्या जात आहेत. बिअर तयार करताना पिंपात उरणाऱ्या गाळापासून हे औषध बनते. त्याच्या गुणांविषयी जितके बोलले जाते, तितके सारे खरे नाही. मात्र त्याचा एक मोठा गुण निर्विवाद सिद्ध झाला असून त्या संशोधनाचा धागा थेट मुंबईतील परळपर्यंत पोहोचतो.

गाळ म्हणजे काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. बिअरसाठी वापरल्या जाणाऱ्या मुख्य जातीचे शास्त्रीय नाव 'सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी'. मोड आणलेल्या बार्लीच्या पाण्यातील साखरेचे ती मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायूत रूपांतर करते आणि त्याच वेळी स्वतःही अनेक पटींनी वाढते. बिअर काढून घेतल्यावर उरलेले यीस्ट धुऊन वाळवले जाते. त्याला हॉप्स या वनस्पतीच्या फुलांचा कडवटपणा असतो. म्हणून विक्रीपूर्वी अनेकदा तो काढून टाकतात.

आंबवण्याच्या या घटकाची ओळख भारतालाही जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यनिर्मितीच्या प्रकरणात 'किण्व' हा शब्द येतो. त्यावरूनच आजचा 'किण्वन' हा मराठी पारिभाषिक शब्द आला. गोव्यातील पाव आणि सान्ना फुगवण्यासाठी परंपरेने वापरली जाणारी माडाची सूर हेही यीस्टचेच काम होय. जर्मनीतील बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध कायद्याने मात्र बिअरमध्ये केवळ बार्ली, हॉप्स व पाणी यांनाच मुभा दिली. यीस्टचा त्यात उल्लेखही नव्हता, कारण ते सजीव असल्याची कोणाला कल्पनाच नव्हती. ही गोष्ट १८३७ मध्ये काही शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिली आणि पुढे लुई पाश्चर यांच्या प्रयोगांनी ती पक्की झाली.

युरोपातील घरगुती उपाय

मध्य युरोपात हा गाळ पोटात घेण्याची आणि चेहऱ्याला लावण्याची जुनी प्रथा आहे. ताजे यीस्ट कोमट दुधात किंवा मधात कालवून त्याचा लेप तेलकट त्वचेवर लावायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी धुवायचा, ही कृती जर्मनीत आजही परिचित आहे. तेथे वनौषधींच्या मूल्यमापनासाठी १९७८ मध्ये नेमलेल्या 'कमिशन ई' या तज्ज्ञ समितीने भूक न लागणे, तसेच जुनाट तारुण्यपीटिका व गळवे यांवर पूरक उपचार म्हणून औषधी यीस्टला मान्यता दिली. दैनंदिन मात्रा सरासरी सहा ग्रॅम ठरवण्यात आली. 'पूरक' हा शब्द येथे महत्त्वाचा. मूळ उपचारांना पर्याय म्हणून ही मान्यता नव्हती.

परळमधील शोध

यीस्टच्या गुणांचा सर्वांत भक्कम पुरावा मुंबईत मिळाला. येथील कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गर्भारपणात तीव्र रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेकींचा मृत्यू ओढवे. त्याचे कारण शोधण्यासाठी ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम सुरू केले. आधी संसर्गाचा संशय तपासण्यात आला, पण तो टिकला नाही. मग त्यांनी या स्त्रियांच्या निकृष्ट आहाराकडे लक्ष वळवले. तशाच आहारावर ठेवलेल्या प्राण्यांमध्येही रक्तक्षय दिसू लागला.

त्या काळी अशा आजारावर यकृताचा अर्क दिला जाई. तो महाग होता. विल्स यांनी 'मार्माइट' हा यीस्टचा अर्क वापरून पाहिला. इंग्लंडमधील बिअर कारखान्यांच्या उरलेल्या यीस्टपासून १९०२ पासून बनणारा हा खारट, काळपट पदार्थ पावाला लावून खाल्ला जाई. तो दिल्यावर रुग्ण स्त्रियांचे रक्त झपाट्याने सुधारले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यीस्टमधील त्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हटले जाऊ लागले. तोच घटक पुढे फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गटातील जीवनसत्त्व असल्याचे स्पष्ट झाले. आज सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींना लोहाबरोबर फॉलिक ॲसिडची जी गोळी मिळते, तिचे मूळ असे या गाळात आहे.

त्वचा आणि केसांचे दावे

अमेरिकेच्या दक्षिण भागातील पेलाग्रा हा दुसरा दाखला. मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांची त्वचा या रोगाने काळी व खरखरीत होई. पुढे जुलाब आणि बुद्धिभ्रंश होऊन मृत्यूही येई. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा रोग आहारातील उणिवेमुळे होतो हे दाखवले आणि ब्रूअर्स यीस्ट हा त्यावरील स्वस्त उपाय ठरवला. १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर रेडक्रॉसने पूरग्रस्तांना यीस्ट वाटले. त्यातील गुणकारी घटक नायसिन असल्याचे १९३७ नंतर उलगडले.

या दोन्ही घटनांतून एकच सूत्र निघते. शरीरात ब गटातील जीवनसत्त्वांची कमतरता असेल, तर यीस्ट चमत्कार वाटावा असे काम करते. कमतरता नसेल, तर तसा परिणाम दिसण्याचे कारण उरत नाही. यीस्टमधील बायोटिनची उणीव झाल्यास केस गळतात हे खरे. पण ज्यांच्या शरीरात ते पुरेसे आहे, त्यांचे केस यीस्टमुळे दाट होतात याला ठोस पुरावा नाही. त्यातील क्रोमियममुळे मधुमेह आटोक्यात राहतो, हा दावाही निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

शाकाहारींनी लक्षात ठेवावे

वाळवलेल्या यीस्टमध्ये निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन, बी-६ व फोलेटही भरपूर असते. मात्र बी-१२ हे जीवनसत्त्व त्यात निसर्गतः नसते. काही उत्पादनांत ते वरून मिसळलेले असते. त्यासाठी वेष्टन वाचावे. बी-१२ची उणीव असताना केवळ फोलेट भरपूर घेतल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे अशी लक्षणे असणाऱ्यांनी यीस्टवर विसंबू नये. रक्ततपासणी करून घ्यावी.

कोणी टाळावे?

* यीस्टमध्ये प्युरिनचे प्रमाण अधिक असल्याने गाऊट व वाढलेल्या युरिक ॲसिडच्या रुग्णांनी ते घेऊ नये.
* नैराश्यावरील 'एमएओ इनहिबिटर' गटातील औषधे चालू असल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या वाढू शकतो.
* मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.
* ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी बार्लीचा अंश अपायकारक ठरू शकतो.
* क्रोन्स हा आतड्याचा विकार असलेल्यांनी व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.

सुरुवात अल्प मात्रेने करावी, कारण पोटात वायू होण्याची तक्रार सामान्य आहे. पाव फुगवण्याचे जिवंत यीस्ट याच जातीचे असले, तरी ते कच्चे खाऊ नये. लेप लावण्यापूर्वी तो कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावून पाहावा. गर्भवतींनी मात्र डॉक्टरांनी दिलेल्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करून यीस्टचा प्रयोग करू नये. परळच्या प्रयोगशाळेने गाळातून जे औषध शोधून काढले, ते त्या गोळीत मोजूनमापून भरलेले असते.